चार रविवारांची दुरुस्ती

आज सकाळी शेजारच्या गृहस्थांनी अंगणात आपली जुनी स्कूटर उघडून ठेवली होती. स्टीलच्या वाटीत थोडं पेट्रोल घेऊन ते कार्बोरेटरचे बारीक बारीक भाग ब्रशनं धुत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात कुणीतरी जवसाच्या तेलात लसूण टाकला. पेट्रोलचा तो थंड, नाकात शिरणारा वास आणि फोडणीचा उष्ण, खमंग वास दोन्ही एकाच झुळकीबरोबर माझ्या कुंपणापाशी आले. मी तुळशीला पाणी घालत होतो, तो तसाच तांब्या हातात धरून उभा राहिलो. भिलाईच्या कडेला कोहक्यात घर बांधून मला किती तरी वर्षं झाली. भोवतीची शेतं गेली, घरं आली, घरांवर घरं चढली. पण वासाला वर्षं कळत नाहीत. त्यानं मला उचललं आणि सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात नेऊन सोडलं. तिथं हिवाळा होता, मी बावीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातून एक गोष्ट घडत होती जी मी आजवर पूर्णपणे कुणालाच सांगितलेली नाही.

तेव्हाचं भिलाई ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. पहिली भट्टी पेटून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गावं उठून गेली होती आणि शहर अजून यायचं होतं, त्या मधल्या लाल मुरमाच्या उघड्यावर आम्ही हजारो माणसं राहत होतो. रस्ते आधी आखले गेले होते, झाडं नंतर लागली. विटांच्या गोल पिंजऱ्यांत हातभर उंचीची रोपं उभी असत, आणि त्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नसे. मी नागपूरच्या अजनीचा, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा. कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मला नोकरी लागली आणि बॅचलरांच्या होस्टेलमध्ये एक खाट मिळाली. खोलीत आम्ही चौघं होतो. एक केरळचा, एक पंजाबचा, एक बंगालचा आणि मी. तिघंही मनानं चांगले होते. माझ्या तापात पंजाब्यानं माझं डोकं चेपलं आहे. पण आमच्यात होती ती मोडकी हिंदी, आणि तिच्यात कामाचं तेवढंच बोलता येई. ड्यूटी, पाणी, पगार, घरचं पत्र. त्यापलीकडे प्रत्येक जण आपापल्या भाषेत गप्प बसलेला असे. नळाखाली अंघोळ करताना एकदा माझ्या तोंडून आपसूक "अरे बाप रे, काय थंड पाणी हाय" असं निघालं आणि माझा मलाच आवाज परका वाटला. तेव्हा ध्यानात आलं, तीन महिन्यांत मी मोठ्यानं उच्चारलेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं.

अशात एका रविवारी सकाळी मी सायकलवरून बाजाराकडे चाललो होतो. रस्त्याच्या कडेला एक जुनी विलायती मोटार उभी होती. इंजिन धडधडत होतं, थबकत होतं, पुन्हा धडपडून उठत होतं, आणि बॉनेटवर ओणवे झालेले पन्नाशीचे एक गृहस्थ तिला अगदी हात जोडल्यासारखे विनवत होते, "अवो माय, चाल ना आता!" मी करकचून ब्रेक दाबला. गाडीसाठी थांबलो असं मी तेव्हा त्यांना सांगितलं. खरं तर थांबलो तो त्या तीन-चार शब्दांसाठी.

ते बांधकाम खात्यातले इंजिनिअर होते, नागपूर बाजूचेच. मोटार त्यांनी जुनी घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. आठवडाभरापूर्वी घरीच पुस्तक समोर ठेवून त्यांनी तिचा कार्बोरेटर काढला, धुतला, परत बसवला. तेव्हापासून गाडी बिघडली होती. उभी असली की आचके द्यायची, हळू केली की बंद पडायची, वेग दिला की शहाण्यासारखी चालायची. मी सांगितलं, नागपूरला मामाच्या गॅरेजमध्ये मी दोन वर्षं हात काळे केले आहेत, पाहू का? साहेबांचा चेहरा उजळला. सायकल कशीबशी मागं बांधून आम्ही त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आलो.

साहेब साबण आणायला आत गेले तेव्हा मी इंजिन चालू ठेवून नुसता कान दिला. बिघडलेलं इंजिन गोंगाटाच्या आत कुठंतरी बारीक आवाजात आपलं दुखणं सांगत असतं, असं मामा म्हणायचा. इथं ते सांगत होतं. कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडलेला असतो त्या सांध्यातून एक बारीक फुसफूस येत होती. दोन लोखंडांच्या मध्ये हवा शिरू नये म्हणून तिथं जाड कागदाची चकती असते, गॅसकेट. मी बोटावर तेल घेऊन त्या सांध्यावर दोन थेंब सोडले. फुसफूस थांबली. इंजिन एकदम ताळ्यावर आलं, झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरू लागलं, आणि तेल आत ओढलं गेल्यावर क्षणभरानं पुन्हा आचके देऊ लागलं. संपलं. रोग समजला. साहेबांनी घरी कापून घातलेली चकती नीट बसली नव्हती. नवी कापून घालायची, अर्ध्या तासाचं काम.

नेमकं त्याच वेळी मागचं दार उघडलं. दारात एक बाई उभ्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू, हाताला पीठ. आतून फोडणीचा वास आला.

"कावून रे, कुठचा तू?" त्यांनी विचारलं.

"नागपूरचा. अजनीचा."

"अन् इथं मराठीत बोलतोस कोणासंगं?"

"कोणासंगंच नाही बाई."

त्यांनी हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "जेवून जाजो. लाखोळीची भाजी हाय. इथले लोक तिवरा म्हणतात तिले, पण हाय आपली लाखोळीच. अन् मले बाई-बिई नको म्हणू. मावशी म्हण."

साहेब हात पुसत बाहेर आले. "काही समजलं का रे?"

त्या क्षणी माझ्या बोटावर तेल होतं. मी ते पँटला पुसलं आणि म्हणालो, "पाहावं लागंल साहेब. पुढच्या रविवारी प्लग काढून पाहू."

हे मी ठरवून केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. जीभ माझ्या आधी बोलली एवढं खरं. पण त्या दुपारी पाटावर बसून, ताटातली ती हिरवी भाजी आणि ज्वारीची भाकरी खाताना, "अजून घे रे, लाजतोस कायले" हे ऐकताना, मला आपण खोटं बोललो याचं काहीसुद्धा वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

मग रविवार आले. दुसऱ्या रविवारी मी प्लग काढले, घासले, त्यांच्या फटी मोजल्या. तिसऱ्या रविवारी प्लगना ठिणगी पुरवणारे पॉइंट साफ केले. चौथ्या रविवारी पेट्रोलचा पंप उघडला. साहेब पुस्तकातलं इंग्रजी वाचून मला मराठीत समजावत, मी मान डोलवत असे. काम सगळं खरं होतं, फक्त ज्याची गरज होती ते त्यात नव्हतं. जाताना मी एक स्क्रू थोडा फिरवून ठेवत असे. त्यानं इंजिनाचा उभ्याचा वेग वाढे आणि आचके काही दिवस झाकले जात. "फरक पडून राहिला बरं का," साहेब म्हणत. मी खाली मान घालून पाने आवरत असे. ताटात कधी पातोडीचा रस्सा असे, कधी नुसतं वरण-भात आणि तेलातलं तिखट. जेवण झाल्यावर मावशी सुपारी कातरत बसे आणि आपल्या गावच्या गोष्टी सांगे. मावशी म्हटलं की अहोजाहो आपोआप गळून पडतं, तशी ती दुसऱ्याच रविवारी "तू" झाली होती. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथं तिची म्हातारी आई होती, मोठ्या भावाजवळ. "माह्या मायले तू आवडशील," ती एकदा म्हणाली. "तिले खाणारा माणूस लागते." मावशीची आई म्हणजे नात्यानं माझी आजीच की, असा विचार मनात येऊन गेला आणि मला उगाच बरं वाटलं. सबंध आठवडा मी त्या एका दुपारच्या आशेवर ढकलत होतो. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस सुरू होई, भोंग्यावर संपे, आणि मी लेथवर लोखंड कातताना मनात मराठी वाक्यं जुळवत असे, रविवारी मावशीला सांगायची म्हणून.

गॅसकेटचा चांगला कागद मी एव्हाना आणून ठेवला होता. माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली. येत्या रविवारी लावून टाकू, असं मी प्रत्येक शनिवारी ठरवत होतो. चौथ्या रविवारीही तो ट्रंकेतच राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात बुधवारी भल्या सकाळी मावशीच्या भावाची तार आली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. नागपूरकडे जाणारी सकाळची पॅसेंजर दुर्गहून सुटायची होती. साहेबांनी मावशीला गाडीत बसवलं आणि ते निघाले. दुर्गच्या वाटेवर सुपेल्याच्या पुढं इंजिन तापलं, आचके सुरू झाले, आणि गाडी बंद पडली. साहेबांनी पुन्हा पुन्हा सुरू केली, ती पुन्हा पुन्हा थांबली. शेवटी ती एका चहाच्या टपरीजवळ ढकलून लावली आणि एका बैलगाडीत बसून दोघं स्टेशनवर पोचले तेव्हा पॅसेंजर जाऊन चांगला वेळ झाला होता. दुसरी गाडी थेट संध्याकाळची. उतरल्यावर गावाकडे जाणारी बस सकाळशिवाय नव्हती. मावशी माहेरी पोचली ती गुरुवारी अकराच्या सुमाराला. आई बुधवारी दिवस मावळताना गेली होती. लोकांनी सकाळी नऊपर्यंत लेकीची वाट पाहिली आणि मग नेलं.

हे सगळं मला साहेबांनी शनिवारी सांगितलं. मावशीला माहेरी ठेवून ते एकटेच परतले होते आणि स्टेशनवरून सरळ माझ्या होस्टेलवर आले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. "गाडी अजून त्या टपरीपाशीच हाय," ते म्हणाले. "चलशील का उद्या?" मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मी ट्रंकेतून तो कागद काढला. टपरीशेजारी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या धुळीत, मी कार्बोरेटर सोडवला. आतून निघालेली चकती साहेबांनी मुलीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेतून कापली होती. पेट्रोलनं तपकिरी झालेल्या त्या तुकड्यावर "आप्तेष्टांसह" एवढा शब्द अजून वाचता येत होता. एका बाजूनं ती फाटून आत गेली होती. मी नवी कापली, बसवली, बोल्ट आवळले, फिरवून ठेवलेला स्क्रू मागं घेतला. अर्धा तासही लागला नाही. इंजिन सुरू झालं आणि एकसारखं, शांत चालू लागलं. टपरीवाल्यानं आणून मडगार्डवर ठेवलेल्या चहाच्या ग्लासात साधा तरंगही उठत नव्हता.

साहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "इतकंच होतं?"

"हो साहेब."

"कधी समजलं तुले?"

"आत्ताच," मी म्हणालो. "उघडल्यावर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू होतास म्हणून बरं झालं रे. मीच येडा. पुस्तक वाचून दुरुस्ती करायले गेलो. माह्या हातानं तिची अन् मायची भेट चुकली." त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. पत्रिकेची चकती कापण्याची चूक त्यांची होती, हे खरंच. पण ती एका रविवारात संपणारी चूक होती. पुढचे रविवार माझे होते. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यानं ते सगळं ओझं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर गेलं.

तेरावं करून मावशी परत आली. साहेब कामावर असतील अशी वेळ पाहून मी गेलो. ती मागच्या अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडत होती. कपाळावरचं कुंकू तसंच मोठं होतं, पण चेहरा कुणी आतून पुसून घेतल्यासारखा दिसत होता. मी समोर उकिडवा बसलो. जे बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं, तरी निघालं ते वेडंवाकडंच.

"मावशी, गाडीत काय बिघडलं ते मले पह्यल्याच रविवारी समजलं होतं."

तिचा हात सुपात फिरत राहिला.

"अर्ध्या घंट्याचं काम होतं. मी सांगितलं नाही."

"कावून?"

"मग मी कायच्या नावानं आलो असतो?"

हात थांबला. मावशी माझ्याकडे पाहत नव्हती, तांदळाकडेही पाहत नव्हती.

"जेवाले याचं होतं तर तसं सांगाचं होतं ना, बाप्पा," ती शेवटी म्हणाली. "मी का नाही म्हटलं असतं?"

मला वाटलं, ती आता रागावेल. मी त्याची वाटच पाहत होतो. रागावली असती तर मला कुठंतरी पाय टेकता आले असते. ती म्हणाली, "माय म्हणे दाराकडं तोंड करून झोपवा मले. पोरगी येईल तर दिसली पायजे." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. एक खडा काढला, तो अंगणात फेकला. मग आवाज सारखा करून म्हणाली, "यायले, तुह्या साहेबाले, नको सांगू हे. यायचा लई जीव हाय तुह्यावर. अन् रविवारी येत जाजो. गाडी बिघडो का न बिघडो."

मी पुढच्या रविवारी गेलो. गाडी अंगणात धुऊन पुसून उभी होती. तिच्यात काही करण्यासारखं नव्हतं. माझे हात स्वच्छ होते आणि त्यांचं काय करावं हे मला कळत नव्हतं. साहेबांनी कुणा पाहुण्यासमोर माझी ओळख करून दिली, "यानंच पकडली चूक, मोठा तयार कारागीर हाय." मावशी भाकरी वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि भाकरीवर तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त घातलं. मी ताट कसंबसं संपवून उठलो. त्यानंतर मी ड्यूटी बदलून मागितली. रविवारी माझी पाळी पडू लागली. निरोप आला की मी पाळीचं कारण सांगे. मावशीला क्षमा करणं जमलं होतं. ती घेऊन तिच्या घरात बसणं मला जमलं नाही. ज्या एकटेपणासाठी मी एवढं सगळं केलं होतं, त्यातच मी परत जाऊन बसलो, आणि आता त्याबद्दल तक्रार करायची सोयही उरली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांची बदली दुसऱ्या कुठल्याशा बांधकामावर झाली. मला ते उडत उडत कळलं होतं. जाऊन भेटावं असं मी रोज ठरवत होतो. एक दिवस पाळी संपवून खोलीवर आलो तर केरळचा मित्र खाटेवरून उठून उभा राहिला. "तुम्हारा मौसी आया था," तो म्हणाला. "जा रहा है वो लोग. बहुत देर बैठा." खाली साहेब गाडीत बसून होते म्हणे, इंजिन चालूच ठेवून, आणि मावशी एकटी वर आली होती. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. जाण्याचं साहेबांनीच त्याला खालून हिंदीत सांगितलं होतं. माझी खाट कोणती हे तिनं खुणेनं विचारून घेतलं, तिच्यावर बसली, आणि खिडकीतल्या दोरीवर वाळत असलेले माझे कपडे काढून एकेकाच्या घड्या घालत राहिली. सगळे संपले तेव्हा उठली आणि गेली.

त्या घड्या माझ्या उशाशी रचलेल्या होत्या. दोन शर्ट, एक पायजमा, तीन बनियन, एक पंचा. माझ्या आईसारख्याच, बाह्या आत दुमडून घातलेल्या. मी त्या मोडायला धजेना. दोन दिवस अंगावरच्याच कपड्यांवर कामाला गेलो. पण माणसाला कपडे लागतातच. एकेक घडी मोडत गेली, कपडे मळले, धुतले गेले, पुन्हा माझ्या हातानं वेड्यावाकड्या घड्या पडल्या. शेवटचा शर्ट मी बरेच दिवस ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. एका थंडीच्या सकाळी दुसरा धड शर्ट उरला नाही, तेव्हा तोही झटकून अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली, आणि भोंगा झाला म्हणून सायकल काढून निघालो.